हिराजीनं सांगितलेला सिनेमा

आमचा धंदा झारेकऱ्याचा.
सोनाराच्या पायरीवरची धूळ विकत घ्यायची,
धुऊन धुऊन तिच्यातून गुंजभर सोनं काढायचं.
मग फिल्मा येऊ लागल्या. पोत्यांनी, वजनावर,
बोलपट आल्यापासून कुणी विचारीना अशा मुक्या फिल्मा.
बाप म्हणायचा, चित्रात चांदी असते.
त्याला त्यात काव्य वाटत नव्हतं.
इतक्या पौंडांमागे इतके मासे, वहीत मांडलेलं.

जांभळी नाक्यामागे, परसात, चार कढया,
कॉस्टिकचं पाणी, कापरासारखा उग्र वास,
आणि विडी ओढायला सक्त मनाई.
ढवळायला हिराजी, चेंदणी कोळीवाड्यातला.
सहाव्या वर्षी तापात त्याचे कान गेले,
मग बोलणंही गेलं, ओहोटी लागावी तसं.
उरले डोळे.
बाजाराच्या त्या टोकाला बायका काय कुजबुजतात
ते त्याला इथून कळायचं.
बायका त्याला बिचकून असत.

एका डब्यावरचं नाव गंजलेलं.
'…ची वाट' एवढंच शिल्लक.
हिराजीनं पट्टी उन्हात धरली आणि ढवळायचा थांबला.
हा त्यानं पाहिला होता, पोरपणी,
तलावपाळीच्या तंबूत, जमिनीवर बसून.

मग त्यानं तो मला सांगितला. हातांनी.
मिठागरावरची मुलगी. होडीवाला. बापाचा नकार.
शेवटी ताटातूट, मिठाच्या पांढऱ्या बांधावर.
तंबूत एक मास्तर पाट्या मोठ्यानं वाचायचा म्हणे:
'प्राणनाथा, या जन्मी एवढंच!'
बायकांचे पदर नाकाला.
हिराजीला पाटी येत नव्हती, ओठ येत होते.
आणि ओठ म्हणत होते,
'पाय भाजतायत रे मेल्या, आटप लवकर!'
तो एकटाच हसला. मास्तरची थप्पड खाल्ली.
हे सांगताना कढईशेजारी
त्यानं एकदा हा पाय उचलला, एकदा तो,
चेहरा मात्र विरहाचा ठेवून.

मग नायकाचे ओठ. पाटी होती, 'सुखी राहा.'
हिराजीनं अंगठा हनुवटीला लावला,
आणि पंजा खाली उघडला,
लहान चिंबोरी पाण्यात सोडून द्यावी तसा.
म्हणजे काय?
त्यानं पुन्हा तेच केलं.

गल्लीतून मिल्काबाई जायच्या, सिव्हिलच्या सुईण,
सिनेगॉगच्या बाजूला राहणाऱ्या.
अर्धं ठाणं त्यांच्या हातावर जन्मलेलं. मीसुद्धा.
त्या दिवशी हिराजी बघत राहिला,
पट्टीकडे, त्यांच्याकडे, पट्टीकडे.
मग त्यानं पाय उचलला. हा. मग तो.

बाई थांबल्या.
आधी रागावल्यासारख्या. मग तोंडावर हात,
आणि इतकं हसल्या की पिशवीतल्या कात्र्या वाजल्या.
'अगं बाई,' म्हणाल्या, 'कळलं होतं तर कुणाला तरी!'

मग हिराजीनं दुसरी खूण केली.
हसू तिथंच राहिलं, चेहऱ्यावर, उचलायचं विसरल्यासारखं.
त्यांनी त्याच्याच काठीनं कढईतली एक पट्टी वर काढली,
उन्हात धरली.
कोरी.
तिच्यातून फक्त पलीकडे वाळत घातलेली
माझ्या बापाची बंडी दिसत होती.
'त्याला खोकला होता,' एवढंच म्हणाल्या,
आणि माझ्या केसांतून हात फिरवून गेल्या,
कुठंतरी बाळंतपण अडलं होतं.

चांदी साडेतीन तोळे भरली.
कोऱ्या पट्ट्या बांगडीच्या कारखान्याला.
पुढच्या वर्षी मिल्काबाई आपल्या माणसांबरोबर
इस्रायलला गेल्या, कायमच्या.
हिराजीनं ती खूण पुन्हा केली नाही.
मी किती मागे लागलो. तो काठी दाखवायचा, कढई दाखवायचा,
काम कर म्हणायचा.

आता परसाच्या जागी बँक आहे.
मी ब्याऐंशीचा. खूण मला अजून येते,
तिचा अर्थ येत नाही.
परवा एटीएमच्या रांगेत सहज करून पाहिली,
अंगठा हनुवटीला, पंजा खाली.
मागच्या मुलीला वाटलं,
मी तिला 'तुम्ही व्हा पुढे' म्हणतोय.
ती झाली पुढे.